तुम्ही विचारलंत म्हणून: मिटत जाणारी अक्षरे कशासाठी?

अंधारात चमकणाऱ्या शीटवर अतिनील एलईडींनी अक्षरे उमटवण्याचा माझा छंद पाहिला की बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात: हवा तो मजकूर हवा तितका वेळ दाखवणारे डिस्प्ले सहज मिळत असताना, उमटल्या क्षणापासून फिकट होत जाणाऱ्या अक्षरांसाठी एवढा खटाटोप कशाला? माझे उत्तर असे की, पदार्थात साठलेला प्रकाश हळूहळू परत मिळताना इतक्या उघडपणे मी दुसऱ्या कोणत्याही उपकरणात पाहिलेला नाही.

मांडणी साधी आहे. एका पट्टीवर उभ्या रांगेत आठ एलईडी असतात, मोटर ती पट्टी शीटवरून सरकवते आणि मायक्रोकंट्रोलर जागच्या जागी हवे ते एलईडी क्षणभर पेटवतो. पट्टी पुढे गेली की मागे राहिलेल्या हिरव्या ठिपक्यांतून अक्षर वाचता येते. एलईडी शीटपासून थोडा जरी दूर असला तरी ठिपका पसरून शेजारच्यात मिसळतो, म्हणून प्रत्येकाभोवती मी काळ्या कागदाची छोटी नळी बसवतो. अतिनील प्रकाशाचा बराचसा भाग डोळ्यांना दिसत नसल्याने त्याच्या तीव्रतेचा अंदाज येत नाही, त्यामुळे तो अडवणारा चष्मा लावल्याशिवाय काम करू नये.

अशा शीटमध्ये आता बहुधा युरोपियम आणि डिस्प्रोसियम मिसळलेले स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेट असते. प्रकाशाच्या ऊर्जेने सुटलेले इलेक्ट्रॉन स्फटिकातील सापळ्यांत अडकतात आणि खोलीतल्या उष्णतेने एकेक करून सुटताना ५२० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश देतात. लाल दिवा कितीही प्रखर असला तरी ही शीट चार्ज होत नाही, कारण ६५० नॅनोमीटरच्या लाल फोटॉनमध्ये, म्हणजे प्रकाशाच्या एका कणात, सुमारे १.९ इलेक्ट्रॉन व्होल्टच ऊर्जा असते, तर ३९५ नॅनोमीटरच्या अतिनील फोटॉनमध्ये ती सुमारे ३.१ असते. उष्णतेचा वाटा तर हाताने तपासता येतो: फिकट झालेल्या अक्षरावर हेअर ड्रायरची गरम हवा सोडली की ते ठळक उजळते आणि मग लवकर विझते; उलट शीट फ्रीझरमध्ये ठेवली की अक्षर मंदावते, पण साठा टिकून राहतो आणि बाहेर काढल्यावर ते पुन्हा उजळते. मला या छंदातला हा प्रयोग सर्वांत प्रिय आहे.

चमक एकसारख्या वेगाने उतरत नाही. सुरुवातीला ती झपाट्याने घटते आणि नंतर मात्र फार वेळ रेंगाळते. त्यामुळे ओळीचे शेवटचे अक्षर लिहून होईपर्यंत पहिले बरेच मंद झालेले असते, आणि संपूर्ण ओळ एकसारखी दिसावी म्हणून सुरुवातीच्या अक्षरांना जास्त वेळ प्रकाश द्यावा लागतो. रेंगाळणाऱ्या चमकेमुळे जुना मजकूर नव्याखाली अंधूक दिसत राहतो; तो नको असेल तर नवी ओळ लिहिण्याआधी मी शीटवरून ड्रायर फिरवतो आणि ती निवेपर्यंत थांबतो.