दमा आहे म्हणूनच लस हवी होती

फ्लूची लस घेताना माझं घोडं फॉर्मवरच्या एका चौकटीपाशी अडलं. त्याचा राग अजून गेलेला नाही.

पुण्यातलं मोठं खासगी हॉस्पिटल. फॉर्मवर प्रश्न होता, 'श्वसनाचा जुना आजार आहे का?' मी 'हो'वर खूण केली. काउंटरवरच्या सिस्टरनी फॉर्म लगेच बाजूला काढला. "दमा आहे ना मॅडम, मग फिटनेस सर्टिफिकेट लागेल." अहो, दमा आहे म्हणूनच तर आलेय! माझ्या छातीच्या डॉक्टरांनी चिठ्ठीत तसं स्पष्ट लिहिलं होतं. ती पुढे केली, तर "बाहेरची चिठ्ठी चालत नाही, आमच्या ओपीडीत दाखवा." केसपेपर काढला, पैसे भरले, नंबर लावला आणि मग कळलं की डॉक्टर राउंडला गेलेत. ते येईपर्यंत लसीचं काउंटर बंद. पुन्हा गेले तेव्हा फिटनेस मिळालं, पण स्टॉक संपला होता.

मेअखेर आली होती. आपल्याकडे पावसाबरोबर फ्लू वाढतो आणि लस घेतल्यावर संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. आदल्या पावसाळ्यात फ्लूनेच मला नेब्युलायझरवर नेलं होतं, त्यामुळे जीव टांगणीला लागलेला.

मला वाटतं, त्यांचा घोळ नाकात मारायच्या लसीशी झाला असावा. तिच्यात कमजोर केलेला जिवंत विषाणू असतो, ती दमेकऱ्यांना सहसा देत नाहीत. इंजेक्शनमधला विषाणू मेलेला असतो, त्याने फ्लू होत नाही. हे काउंटरवर बसणाऱ्याला माहीत असायलाच हवं.

शेवटी लस मिळाली ती घराजवळच्या लहान मुलांच्या डॉक्टरांकडे! त्यांच्या फ्रिजमध्ये फ्लूची लस असते आणि बरेच जण मोठ्यांनाही देतात. आधी फोन करून विचारा. दीड-दोन हजारांच्या घरात खर्च येतो. डॉक्टरांनी खोका माझ्या हातात दिला. एक्स्पायरी बघाच, आणि कुठल्या हंगामाची लस आहे तेही. विषाणू बदलतो, म्हणून ती दरवर्षी घ्यावी लागते. टोचल्यावर थोडा वेळ तिथेच बसवलं. दंड दिवसभर ठणकला, छातीत मात्र घरघर नाही.

आणि हो, लस घेतली म्हणून रोजचा इनहेलर बंद करू नका. अंगात ताप असेल तर उतरल्यावरच जा.