कुंडीतली माती : ऑडी टीटीनं पुणे ते गुहागर

आईनं कुंडी दोन पायांच्या मध्ये घट्ट धरली होती. कुंडीत अनंताचं वीतभर रोप. गुहागरच्या घरामागे माझ्या आजीनं लावलेला अनंत मे २०२१ च्या तौक्ते वादळात गेला. वरून फणस आडवा झाला आणि खाली अनंत चिरडला. त्याची एक फांदी आईनं आधीच कोथरूडच्या गॅलरीत जगवली होती. तिचं हे रोप आता माघारी चाललं होतं.

"माती सांडता कामा नये," आईनं निघतानाच सांगितलं. "आणि माझी पाठ दुखता कामा नये."

आई एकाहत्तर वर्षांची आहे. माझी गाडी २०१६ सालची ऑडी टीटी, दोन दारांची बुटकी स्पोर्ट्स कार, सेकंडहँड घेतलेली. कंपनीनं हे मॉडेल २०२३ मध्ये बंद केलं, त्यामुळे आहे ती जपून वापरतो. पण घरात झाकून ठेवत नाही. कोथरूड ते चाकण, रोज, पावसाळ्यातसुद्धा. माझं कामच गाड्यांच्या चाचण्यांचं आहे आणि त्यातही सस्पेन्शनचं, म्हणजे हादरे झेलणाऱ्या स्प्रिंग-शॉकअपचं, म्हणून की काय, पार्किंगमध्ये भेटणारा प्रत्येक माणूस एकच विचारतो : "या रस्त्यांवर ही गाडी? कंबर राहते का जागेवर?" दोन मिनिटांत त्याचं नीट उत्तर देता येत नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातल्या या प्रवासात ते देता आलं, आणि तेही आईच्या पाठीवरून.

आधी टायरचं सांगतो, कारण माझ्या मते निम्मं उत्तर तिथेच आहे.

गाडी घेतली तेव्हा आधीच्या मालकानं हौसेनं १९ इंची रिम बसवलेले होते, त्यावर २४५/३५ चे टायर. दिसायला देखणे. पहिल्याच पावसाळ्यात, पाण्यानं भरलेल्या एका खड्ड्यात पुढचं डावं चाक गेलं. आवाज असा आला की मी आधी काचेकडे पाहिलं. दुकानात टायरवाल्यानं टायरच्या बाजूवरून बोट फिरवलं आणि एका जागी थांबला. तिथे सुपारीएवढा फुगा आला होता. "आतला दोरा तुटलाय साहेब. आज हवा धरंल, उद्याचं सांगता येत नाही." टायरच्या बाजूच्या भिंतीत धाग्यांचे थर असतात. खड्ड्याची धार आणि रिमची कड यांच्या चिमट्यात ती भिंत सापडली की धागे तुटतात, आणि हवा तिथून रबर बाहेर ढकलते. असा टायर दुरुस्त होत नाही, टाकावाच लागतो.

त्या दिवशी मी १८ इंची रिमवर आलो, २४५/४० चे टायर. हिशेब साधा आहे. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा म्हणजे भिंतीची उंची त्या रुंदीच्या किती टक्के. २४५ चे ३५ टक्के म्हणजे ८६ मिलिमीटर उंचीची भिंत, ४० टक्के म्हणजे ९८. फरक जेमतेम बोटाच्या जाडीएवढा. पण खड्ड्याचा पहिला टोला ती भिंतच झेलते, स्प्रिंगची पाळी नंतर येते. स्विफ्टसारख्या गाडीला १८५/६५ चा टायर असतो, त्याची भिंत १२० मिलिमीटर. खड्ड्यात साधी गाडी का वाचते याचं बरंचसं रहस्य तिथे आहे. आणि कृपा करून आरामासाठी हवा कमी करू नका. कमी हवेत तो चिमटा आणखी लवकर बसतो. दारावरच्या स्टिकरवर लिहिलंय तेवढी हवा, तीही सकाळी टायर थंड असताना.

पहाटे साडेपाचला निघालो. कात्रजचा बोगदा, शिरवळ, नीरेचा पूल. खंबाटकीच्या वळणांवर गाडी रुळावर असल्यासारखी चढते हे आईला नवीन नव्हतं. साताऱ्यापर्यंत तिनं थर्मासमधला चहा पिऊन घेतला, चालत्या गाडीत, आणि साडीवर थेंब नाही. गुळगुळीत रस्त्यावर कुठलीही गाडी चांगलीच वाटते, तेव्हा हा भाग सोडून देतो.

उंब्रजला महामार्ग सोडला. मल्हारपेठ, मग पाटण. इथून पुढे रस्ता दर दोन-चार किलोमीटरला जात बदलतो : थोडं काँक्रीट, थोडं जुनं डांबर, मध्येच उखडलेली खडी, नव्या मोरीपाशी मातीचा वळसा. कारखान्यांचा हंगाम तोंडावर होता, उसाच्या ट्रॉल्या नुकत्याच दिसायला लागल्या होत्या.

काँक्रीटवर आई पहिल्यांदा कुरकुरली, आणि नेमकं मला जे खटकत होतं त्यावरच. "हे टप टप टप काय चाललंय? पोटात हलतंय." काँक्रीटच्या रस्त्याला साधारण साडेचार मीटरवर आडवा सांधा असतो. ताशी ८० च्या वेगात सेकंदाला असे पाच सांधे चाकाखालून जातात. आता योगायोग बघा : बसलेल्या माणसाचं शरीर उभ्या हादऱ्यांना सगळ्यात नाजूक असतं ते सेकंदाला चार ते आठ हादऱ्यांच्या पट्ट्यात. पोट, कणा, छाती, सगळं त्याच ठेक्यावर डोलायला लागतं. म्हणजे ८० चा वेग आणि साडेचार मीटरचे सांधे ही जोडी नेमकी वाईट. मी गाडी ६० वर आणली. ठेका चाराच्या खाली उतरला, आणि दोन मिनिटांत आई खिडकीबाहेरची ज्वारी बघायला लागली. काँक्रीटवर कडक गाडी चालवणाऱ्या प्रत्येकानं हे करून बघावं. वीसचा फरक पुरतो.

खड्ड्यांचा रस्ता लागला तेव्हा मात्र ती गप्प होती. मी दोनदा विचारलं, "त्रास होतोय का गं?" ती म्हणाली, "दणका बसतो, पण बसून संपतो."

एवढ्या वर्षांत सस्पेन्शनवर इतकं नेमकं वाक्य मी कुणाकडून ऐकलं नव्हतं. आदल्या वर्षी ती याच रस्त्यानं नात्यातल्या एकाच्या मोठ्या, उंच गाडीतून आली होती. गाडी मऊ, गाद्या मऊ, आणि पाटणच्या पुढे तिला दोनदा उलटी झाली. मऊ स्प्रिंगवर तिचे झोके थांबवणारा शॉकअप ढिला असला की खड्डा मागे पडतो, पण गाडी अजून त्याच खड्ड्याचे झोके घेत असते. तेवढ्यात पुढचा खड्डा येतो, त्याचे झोके आधीच्यात मिसळतात. शिवाय उंच गाडीत डोकं जमिनीपासून खूप वर. एक चाक खड्ड्यात गेलं की डोकं डावी-उजवीकडे फेकलं जातं. कणा त्या फेकण्यानं दमतो. टीटीत आपण जमिनीलगत बसतो, त्यामुळे डोकं जागेवर राहतं. स्प्रिंग कडक आहे, टोला कळतो, आणि शॉकअप तो एका हेलकाव्यात मारून टाकतो.

यात एक जुनं शहाणपण आहे. पुढचं चाक खड्ड्यात आधी जातं, मागचं नंतर. टीटीच्या दोन चाकांत अडीच मीटर अंतर, म्हणजे ८० च्या वेगात सेकंदाचा जेमतेम नववा भाग. पुढची आणि मागची बाजू एकाच गतीनं डोलायला लागली तर मागची कायम उशिरा पोचते आणि गाडी होडीसारखी पुढेमागे झुलते. १९३० च्या दशकात अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये काम करणाऱ्या मॉरिस ऑली या इंजिनीअरनं दाखवलं की मागची स्प्रिंग पुढच्यापेक्षा थोडी चपळ, म्हणजे भरभर डोलणारी ठेवली की मागची बाजू पुढचीला गाठते आणि दोन्ही एकदम वरखाली होतात. हे सपाट हलणं माणसाला फार कमी बोचतं. आजही आम्ही हाताखाली आलेली गाडी आधी त्या कसोटीवर बघतो. इंग्लंडच्या लोटसनं तर नाव कमावलं ते मऊ स्प्रिंग आणि काटेकोर शॉकअप यांच्या मेळावर. स्पोर्ट्स कार म्हणजे दगडासारखी कडक, हा समज म्हणूनच मला सलतो. दगडासारखी गाडी खराब रस्त्यावर पकडही सोडते, कारण चाक जमिनीला टेकायच्या ऐवजी उडत राहतं.

कोयनानगरजवळ हेळवाकला चहाला थांबलो. हॉटेलवाले काका बाहेर येऊन गाडीपाशी उकिडवे बसले आणि खाली डोकावले.

"खाली लागत न्हाई व्हय?"

"लागते कधी कधी. जपून घेतो."

"फुडं पायपासाठी आडवा चर खांदलाय. वरनं मुरूम टाकलाय, पर बसलाय त्यो. तितं लागंल बगा." मग आईकडे वळून, "आजी, तुमी उतरूनच घ्या तितं."

"मी नाही उतरायची," आई म्हणाली. "उतरायला जमतं, पण परत बसायला नको वाटतं."

हे मात्र खरं आहे, आणि हे कुणी आधी सांगत नाही. वयस्कर माणसाला या गाडीत बसून प्रवास करणं जड जात नाही, चढणं-उतरणं जड जातं. सीट गुडघ्याच्याही खाली. आईची पद्धत आता ठरलेली आहे : पाठमोरं व्हायचं, आधी बसायचं, मग दोन्ही पाय एकदम आत घ्यायचे. उतरताना मी समोर उभा राहतो, ती माझे दोन्ही हात धरते, आणि विहिरीतून वर यावं तशी वर येते. दारं लांब आहेत, त्यामुळे शेजारी गाडी लावलेली असली तर तेही होत नाही. रोज म्हातारं माणूस न्यायचं असेल तर मी ही गाडी घ्या असं म्हणणार नाही.

काकांचा चर दीड किलोमीटरवर आलाच. हातभर रुंद, वीतभर खोल, कडा ठिसूळ. मी थांबलो, उतरून बघितलं. दोन माणसं बसलेली असताना माझ्या गाडीचं पोट जमिनीपासून सुमारे १२ सेंटिमीटरवर असतं, पट्टीनं मोजलेलं आहे. सरळ गेलो असतो तर पुढची दोन्ही चाकं एकदम आत आणि गाडीची हनुवटी, म्हणजे पुढच्या बंपरची खालची कड, चराच्या कडेवर. म्हणून रस्ता मोकळा होईपर्यंत थांबलो, मागून आलेल्या एसटीच्या ड्रायव्हरनं हात करून वेळ दिला, आणि गाडी पार तिरकी केली. एका वेळी एकच चाक. उजवं पुढचं उतरलं, चढलं. मग डावं. गाडी पिळली गेली, मागे कुठेतरी प्लास्टिक कुरकुरलं, तिसरं चाक क्षणभर हलकं झालेलं स्टिअरिंगमध्ये कळलं. आईनं कुंडीवर दोन्ही हात ठेवले. चौथं चाक बाहेर आलं तेव्हा तिनं खाली बघून जाहीर केलं, "चिमूटभर."

स्पीडब्रेकरलाही हाच उपाय, आणि मला या विषयावर मनापासून चीड आहे. रस्त्यांची मापं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९९ या नियमाच्या १९८८ च्या आवृत्तीत माप होतं : गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच, १७ मीटर त्रिज्येचा गोलावा. अशा गतिरोधकावर टीटी ताशी २५ नं आरामात जाते. मी गणित करून पाहिलंय : गाडी बरोबर माथ्यावर असताना दोन चाकांच्या मध्ये रस्ता फक्त साडेचार-पाच सेंटिमीटर वर येतो, आणि माझ्याकडे बारा आहेत. प्रत्यक्षात गावोगाव जे दिसतात ते हातभर रुंदीचे डांबराचे बांध. त्यावर माझी गाडी घासते, तशीच रिक्षातल्या गरोदर बाईची आणि ॲम्ब्युलन्समधल्या पेशंटची पाठ मोडते. नियमाप्रमाणे बांधलेला गतिरोधक सगळ्यांनाच हळू करतो आणि कुणालाच इजा करत नाही.

कुंभार्ली घाट उतरताना धुकं विरलं होतं. खाली पोफळी, समोर कोकण. घाटात तीसच्या पुढे गेलोच नाही. वळणावरची खडी आणि कडेचे खड्डे तसंही जाऊ देत नाहीत. या वेगात गाडीचा कडकपणा सगळ्यात जास्त जाणवतो. वेग असला की शॉकअप काम करताना कळतं, रांगताना मात्र प्रत्येक खडा सीटमधून वर येतो. अलोरे, मग चिपळूण. चिपळूणला आई उतरली, कमरेवर हात ठेवून मागे वाकली, थोडी चालली. मी बघत होतो.

"पाठ ठीक आहे," ती म्हणाली. "मान थोडी."

मार्गताम्हाने, शृंगारतळी, आणि दुपारी गुहागर. पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास.

आमची वाडी मोठ्या रस्त्यापासून दोनशे पावलांवर आहे. वाट जांभ्याची, दोन बाजूंना गाडीच्या चाकोऱ्या, आणि त्या पावसानं धुऊन खोल गेल्यामुळे मधला उंचवटा जवळजवळ गुडघ्याएवढा. तिथे तिरकं जाऊन भागत नाही, सावकाश जाऊनही नाही. गेली तीन वर्षं मी टीटी बाहेरच, वडाखाली लावतो.

आईला हात देऊन उठवलं. तिनं वाकून मॅटवरची माती तळहातानं गोळा केली, ती जेमतेम चमचाभर होती, आणि परत कुंडीत टाकून बोटानं दाबली. मग कुंडी माझ्या हातात दिली, पदर खोचला, आणि चाकोरी सोडून मधल्या उंचवट्यावरून पुढे चालायला लागली.