नाचणी ११ तारखेला पेरा: ख्रिस्ती शाळेतला डिसेंबर

महाराष्ट्रातल्या शाळांचं पहिलं सत्र दिवाळीला संपतं. म्हणून नाताळच्या सुट्टीला खरं तर सत्रअखेर म्हणता येत नाही, पण ख्रिस्ती संस्थांच्या माध्यमिक शाळांत तसंच म्हणतात आणि वागतातही तसंच. यामागे सुट्ट्यांचा हिशोब आहे. वर्षभरातल्या एकूण सुट्ट्या ७६ च्या वर जाता कामा नयेत आणि कामाचे दिवस किमान २३० भरले पाहिजेत. या चौकटीत दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुट्टी कमी करून ते दिवस शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीनं नाताळला घेता येतात. वसईपासून नगरपर्यंत अनेक ख्रिस्ती शाळा हेच करतात. दिवाळीला चार दिवस कमी आणि २४ डिसेंबर ते १ जानेवारी शाळा बंद.

या लेखात शाळेचा शेवटचा दिवस मंगळवार, २३ डिसेंबर धरला आहे. सगळं नियोजन त्या दिवसापासून मागे मोजत करायचं. गडबड होते ती पुढे मोजल्यामुळे. १ तारखेला उत्साह असतो, १० तारखेला घटक चाचणी असते, १८ तारखेला स्नेहसंमेलन असतं आणि गव्हाणी, म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा, शेवटच्या दोन दिवसांत शिक्षकच उभी करतात. मुलांनी न केलेली गव्हाणी शाळेत ठेवण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

पहिली मुदत आगमनकाळाची, म्हणजे नाताळआधीच्या चार रविवारांच्या काळाची. त्याचा पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या दरम्यान येतो. चार मेणबत्त्यांचं हिरवं चक्र बहुतेक शाळांत असतं, पण त्याचा जन्मही मुलांच्याच वसतिगृहात झाला हे कमी जणांना माहीत असतं. १८३९ साली हँबुर्गमध्ये गरीब मुलांचं वसतिगृह चालवणाऱ्या योहान हिन्रिख विचर्न यांना मुलं रोज विचारायची, नाताळ कधी? त्यांनी गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, रविवारसाठी मोठ्या पांढऱ्या आणि इतर दिवसांसाठी छोट्या लाल. आजचं चक्र त्याचंच आटोपशीर रूप आहे. कॅथलिक पद्धतीत तीन मेणबत्त्या जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची गुलाबी. जांभळी मेणबत्ती गावात मिळाली नाही तर पांढरीला जांभळी फीत बांधावी. शाळा रविवारी बंद असते, म्हणून मेणबत्ती सोमवारच्या परिपाठात लावतात. मैदानावर परिपाठ असेल तर वारा ती टिकू देत नाही. कंदिलाची जुनी काच वरून ठेवली की काम होतं. चौथा रविवार कधीकधी थेट २४ तारखेला येतो आणि तेव्हा शाळाच नसते. त्या वर्षी चौथी मेणबत्ती शेवटच्या शाळेच्या दिवशी लावावी. हिरवाईसाठी किनारपट्टीला सुरूच्या झाडाच्या डहाळ्या उत्तम, देशावर अशोकाची किंवा आंब्याची पानं. सुरू चार-पाच दिवसांत सुकून झडतो. म्हणून त्याचं झाड उभं करायचं असेल तर ते ओल्या वाळूच्या बादलीत रोवावं आणि वाळूला रोज तांब्याभर पाणी घालावं.

दुसरं काम तारे, म्हणजे ताऱ्याच्या आकाराचे कागदी कंदील. याला मी सगळ्यात जास्त वेळ देईन, कारण एका ताऱ्यात हस्तकला, भूमिती आणि धीर तिन्ही येतात. नववीचा वर्ग एका आठवड्यात कार्यानुभवाच्या दोन तासिकांत आठ-दहा तारे करू शकतो.

एका ताऱ्याला ६० सेंटिमीटरच्या दहा बांबूच्या कामट्या आणि १४ सेंटिमीटरचे पाच तुकडे लागतात. कामटी बोटाच्या निम्म्या रुंदीची आणि पातळ तासलेली हवी. आदल्या रात्री ती पाण्यात भिजत ठेवावी, कारण कोरडी कामटी वाकवताना हमखास कडकते. प्रत्येक लांब कामटीवर दोन्ही टोकांपासून २३ सेंटिमीटरवर खूण करायची, म्हणजे मधे १४ सेंटिमीटर उरतात. पाच कामट्यांचा पंचकोनी तारा रचताना त्या एकमेकींना बरोबर याच खुणांवर छेदतात. पूर्ण रेघेला ०.३८२ नं गुणलं की २३ चा हा आकडा येतो. हे सुवर्ण गुणोत्तरातून येतं. मुलांना ते आधी मोजपट्टीनं सापडू द्यावं आणि मग फळ्यावर सिद्ध करावं. कामट्या विणताना एक वरून, एक खालून असं न्यायचं. सगळ्या एकाच बाजूनं टाकल्या तर सांगाडा लुळा पडतो.

असे दोन तारे झाले की एकावर एक ठेवून फक्त पाच टोकं बांधायची. आधी रबर लावावेत, म्हणजे टोकं सरकवून नीट करता येतात. नंतर जाड दोऱ्यानं गाठ मारावी. मग आतल्या पाच छेदांच्या जागी दोन ताऱ्यांच्या मधे १४ सेंटिमीटरचे तुकडे उभे अडकवायचे. तारा फुगतो. हे तुकडे समोरासमोरून लावत जावं. एकाच बाजूचे ओळीनं लावले तर सांगाडा पिळवटतो आणि मग सरळ होत नाही.

तुकडा १४ चाच का? मधल्या पंचकोनाची बाजू १४ असते. तुकडाही तेवढाच ठेवला की ताऱ्याचे सगळे वीस त्रिकोण सारखे निघतात, पाया १४ आणि बाजू २३. पुठ्ठ्याचा एकच साचा, सगळीकडून एक सेंटिमीटर चिकटपट्टी जास्त, आणि पतंगाचा कागद एका वेळी आठ पदरी घडी करून कापता येतो. शिवाय दोन पंचकोन, पुढचा आणि मागचा. मागच्या पंचकोनाची एक बाजू चिकटवायची नाही, दिवा बदलायला तिथूनच हात जातो. आत दोन तुकड्यांच्या मधे एक आडवी कामटी बांधून होल्डर तिलाच बांधावा. नुसता वायरीवर लोंबता दिवा वाऱ्यानं कागदाला लागतो. दिवा पाच वॅटचा एलईडी. जुना ६० वॅटचा बल्ब अजिबात नको, कागद आधी तपकिरी होतो आणि मग पेटतो.

चिकटवायला मैद्याची खळ स्वस्त पडते, पण कोकणपट्टीत डिसेंबरच्या दवानं ती सुटते आणि माळ्यावर ठेवलेल्या ताऱ्याला झुरळं लागतात. दोन भाग फेविकॉलमध्ये एक भाग पाणी हे मिश्रण टिकतं. तारे व्हरांड्याच्या छपराखालीच लावावेत.

आता गव्हाणी. पहिली चूक इथे होते: आधी गोठा बांधतात, मग मूर्ती काढतात, आणि मरियेचा पती योसेफ, त्याची उभी मूर्ती दारातून आत जात नाही. आधी मूर्ती मोजा. योसेफ नऊ इंचांचा असेल तर गोठ्याचं दार बारा इंचांचं, आणि पाया म्हणून सहा बाय चार फुटांचं टेबल. डोंगरासाठी खाकी कागद चुरगाळून पसरायचा आणि त्यावर गेरू व पोस्टर रंग. गोणपाट चिकणमातीच्या पाण्यात बुडवून केलेले डोंगर जास्त खरे दिसतात, पण या हवेत ते वाळायला दोन दिवस लागतात. ओलेच मांडले तर चार दिवसांत बुरशीचा वास येतो. छपराला वसईकडे भाताचा पेंढा, नगरकडे बाजरीचं सरमाड. दोन्ही आधी दोन उन्हं दाखवून घ्यावीत, नाहीतर किडे वर्गात पसरतात.

आणि नाचणी. गव्हाणीपुढची हिरवळ म्हणून धान्य उगवण्याची पद्धत गोव्यात आणि कोकणपट्टीवर जुनी आहे, प्लॅस्टिकच्या गवताला तिची सर नाही. मूठभर नाचणी रात्रभर भिजवावी, एक दिवस फडक्यात बांधून मोड आणावेत, आणि मग ताटलीतल्या दोन सेंटिमीटर मातीवर दाट पसरावी. दोन दिवस वरून झाकण, नंतर उजेडात. पाणी हातानंच शिंपडायचं. तांब्यानं ओतलं की सगळं बी एका कोपऱ्यात जमा होतं आणि मधे टक्कल पडतं. डिसेंबरच्या थंडीत बोटभर उंची यायला दहा-बारा दिवस लागतात, म्हणून २३ तारखेसाठी ११ ला पेरायचं. १ तारखेला पेरलेली नाचणी २३ पर्यंत पिवळी पडून लोळते. अंधाऱ्या खोलीत ठेवलेली उंच पण फिकट होते. गहू लवकर येतो, पण एवढा वाढतो की मेंढरं त्यात बुडतात. मी नाचणीच्याच बाजूची.

गव्हाणीत बाळ कधी ठेवायचं, यावर दरवर्षी वाद होतो. रीत २४ च्या रात्रीची, पण तेव्हा शाळेला कुलूप. काही शाळा २३ लाच ठेवतात. मला रिकामी गव्हाणी ठेवून सुट्टी लागलेली आवडते. मुलं २ जानेवारीला येतात तेव्हा बाळ आत असतं आणि ती धावत बघायला जातात. मागी लोक, म्हणजे ताऱ्यामागून आलेले पूर्वेकडचे ज्ञानी, तर आधीच आणून उभे करू नयेत. ते व्हरांड्याच्या टोकाला ठेवावेत आणि रोज एकेका वर्गानं पुढे सरकवावेत.

आठवीला यासोबत एक तासिका बायबल वाचनाची द्यावी: लूकचा दुसरा अध्याय, मत्तयचे पहिले दोन, आणि हातात कागद. गव्हाणीतलं काय काय शुभवर्तमानात, म्हणजे येशूची कथा सांगणाऱ्या या पुस्तकांत, नाही ते लिहून काढायचं. मागी तीनच होते असं मत्तय सांगत नाही, भेटी तीन होत्या: सोनं, ऊद आणि गंधरस. ते बाळापाशी आले ते घरात. मेंढपाळ लूककडे आहेत, तारा मत्तयकडे. जन्माच्या वर्णनात बैल आणि गाढव कुठेच नाहीत. १२२३ मध्ये संत फ्रान्सिस यांनी ग्रेचो गावात खरी गव्हाणी, गवत, बैल आणि गाढव आणून हा प्रसंग उभा केला, तिथून देखाव्याची चाल पसरली. मुलं हे फार आवडीनं शोधतात, आणि नाटिका लिहिताना त्यांना वाटसरूंच्या मुक्कामाच्या जागेसाठी ‘उतारशाळा’ हा सुंदर मराठी शब्द आयता मिळतो.

विजेबद्दल थोडक्यात पण ठाम: माळ एलईडीचीच, जोड पेंढ्यापासून दूर, तलावासाठी ठेवलेल्या पाण्याच्या ताटाजवळून वायर नको, शेजारी वाळूची बादली, आणि शाळा सुटताना बटण बंद करायची जबाबदारी एका ठरावीक माणसाची.

नाटिका बावीस-पंचवीस मिनिटांच्या वर नेऊ नये, सरावाला रोज पाऊण तास असे बारा दिवस पुरतात. दोन माइकवर पंधरा पात्रांचे संवाद मागच्या रांगेला ऐकू येत नाहीत. निवेदन एका बाजूला उभ्या दोघांनी वाचावं, पात्रांना मोजकीच वाक्यं द्यावीत. नाताळगीतांत नेहमीची चूक पट्टीची. पेटी वाजवणारे शिक्षक स्वतःच्या गळ्याला सोयीची पट्टी धरतात. गाण्यात तार सप्तकातला रे लागत असेल तर मुलांसाठी सा पांढरी एकच्या (C स्वराच्या) वर नको. नववीच्या मुलांचा आवाज फुटत असतो. त्यांना खालच्या सप्तकात गाऊ द्यावं, किंवा ढोलकी आणि खंजिरी द्यावी. त्यांना गप्प बसवणं मात्र चूक.

दान गोळा करताना ‘प्रत्येकानं मूठभर तांदूळ’ ऐकायला छान वाटतं. सहाशे मुलांच्या मुठींचे पंचवीस-तीस किलो होतात खरे, पण कोलम, रेशनचा आणि कणी एकत्र आलेला तांदूळ एकसारखा शिजत नाही. अर्धा गाळ, अर्धा कच्चा. ज्या आश्रमाला द्यायचं त्यांना आधी विचारावं आणि वर्गवार वाटून द्यावं: पाचवीनं तूरडाळ, सहावीनं गूळ, सातवीनं साखर, आठवीनं कपड्यांचा साबण. तांदूळ हवाच असेल तर पैसे जमवून एकाच दुकानातून घ्यावा.

आपल्या शाळांतली बरीच मुलं ख्रिस्ती नसतात. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत उपासनेला हजर राहणं पालकांच्या संमतीशिवाय सक्तीचं करता येत नाही, हे संविधानाच्या कलम २८(३) मध्ये स्पष्ट आहे. त्यामुळे प्रार्थनेचा भाग वेगळ्या वेळी, वेगळ्या दालनात ठेवावा, आणि तारे, गव्हाणी, गाणी, दान सगळ्यांसाठी. खाऊतही हेच भान हवं. मार्गशीर्षातल्या गुरुवारी अनेक घरांत उपास असतो, त्या दिवशी अंड्याचा केक वाटू नये. खरं तर बिनअंड्याचाच मागवावा: एका किलोचे पन्नास ग्रॅमचे वीस तुकडे, सहाशे मुलांना तीस किलो. नाहीतर करंजी. मराठी ख्रिस्ती घरांत नाताळचा फराळ करंज्या-शंकरपाळ्यांचाच असतो, आणि करंजी वाटणं केक कापण्यापेक्षा सोपं.

शेवटी पालकांना जाणारं पत्रक. ते एका कागदाच्या दोन बाजूंत मावलं पाहिजे. सर्वांत वर शाळा पुन्हा कधी उघडणार, तारीख आणि वारासकट. त्याखाली दहावीच्या पूर्वपरीक्षेचं वेळापत्रक, कारण २०२५ पासून मंडळाची लेखी परीक्षा मार्चऐवजी फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू होते आणि सुट्टीनंतर हाताशी जेमतेम सात आठवडे उरतात. दहावीच्या मुलांना म्हणूनच नाटिकेत घेऊ नये. त्यांना एक संध्याकाळ गाण्यांची द्यावी, तेवढं पुरे. मग क्रीडास्पर्धा आणि चित्रकलेचे निकाल, आणि दानाचा हिशोब रुपयांत व किलोंत. मुख्याध्यापकांच्या शुभेच्छा सर्वांत खाली, दोन ओळी.

६ जानेवारीला किंवा त्याच्या जवळच्या रविवारी प्रकटीकरणाचा सण झाला की मागी लोक गव्हाणीपाशी पोहोचतात आणि आवराआवर सुरू होते. मूर्ती वर्तमानपत्रात एकेक गुंडाळून, पेटीवर उंची लिहून ठेवा. ताऱ्यांचा कागद फाडून टाका, पाच उभे तुकडे काढून सांगाडे चपटे करा आणि जुडी बांधून माळ्यावर टाका. पेंढ्यातल्या टाचण्या, दोरे आणि चमकी वेचून झाल्याशिवाय तो गुरांपुढे टाकू नका.