ऱ्हाईनकाठची माणसे

या वेळी प्रवासाची आखणी स्थळांवरून न करता माणसांवरून केली होती. जर्मनीतल्या कोलोनला मावसबहीण, फ्रायबुर्गला विद्यापीठात सोबत शिकलेली मैत्रीण आणि स्वित्झर्लंडमधल्या बासेलला, शिकत असताना ज्यांच्या घरी मी खोली घेऊन राहिले होते, ते वृद्ध दांपत्य. तिन्ही शहरे पूर्वी पाहून झालेली असल्यामुळे काही ‘बघायचे राहून जाईल’ ही धास्ती नव्हती, आणि पाठीवरच्या पिशवीत मावेल तेवढेच सामान घेतल्यामुळे मुक्काम एखाद्या दिवसाने वाढवणेही सोपे होते. जर्मनीतल्या प्रवासासाठी ‘डॉइचलांड-टिकेट’ घेतले. मे २०२३मध्ये दरमहा ४९ युरोंना सुरू झालेले हे तिकीट २०२५मध्ये ५८ युरोंचे झाले. ते वेगवान आयसीई गाड्यांत चालत नाही, मात्र देशभरातल्या प्रादेशिक गाड्या, ट्राम आणि बस यांना चालते. हळू जाणाऱ्या गाड्यांचा मला या प्रवासात फायदाच झाला, कारण एका घरातून निघून दुसऱ्या घरी पोहोचेपर्यंत मनाला थोडी उसंत मिळत गेली.

पहिल्या भेटीत ताईने मला कोलोनच्या कॅथेड्रलच्या दक्षिण मनोऱ्याच्या ५३३ पायऱ्या चढायला लावल्या होत्या. १२४८मध्ये पायाभरणी होऊन १८८०मध्ये पूर्ण झालेली ती वास्तू या वेळी आम्ही ट्राममधूनच पाहिली, कारण शनिवार होता आणि रविवारी दुकाने बंद असल्यामुळे आठवड्याचा बाजार आजच उरकायचा होता. तेव्हा कडेवर असलेली भाची आता एकटी चालत शाळेत जाते. रिकाम्या बाटल्यांची थैली तिने स्वतः उचलली आणि दुकानातल्या यंत्राच्या गोल तोंडात एकेक बाटली आडवी सरकवू लागली. यंत्र बाटली फिरवून तिच्यावरचे चिन्ह वाचते, आत ओढते आणि एकदाच वापरायच्या प्रत्येक प्लॅस्टिकच्या बाटलीमागे अनामतीचे २५ सेंट जमा करते. शेवटी आलेली चिठ्ठी तिने दोनदा वाचली आणि मगच आईच्या हाती दिली. ताईच्या घरच्या नित्यक्रमात मला अशी सहज जागा मिळाली, याचा मला कोणत्याही मनोऱ्यावरून दिसणाऱ्या देखाव्यापेक्षा अधिक आनंद झाला.

मावशी गेल्यानंतर ताईची आणि माझी ही पहिलीच भेट होती. व्हिडिओ कॉलवर आम्ही अनेकदा बोललो होतो, पण तिथे दोघीही एकमेकींना सावरण्यातच वेळ घालवायचो. रात्री बाल्कनीत बसलो. दहानंतर शेजाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून आवाज खाली आणला, आणि त्या हलक्या आवाजातच ताई प्रथम मोकळेपणाने बोलली. शेवटच्या उन्हाळ्यात मावशी इथे राहून गेली होती. तिच्या चष्म्याचे घर टेबलाच्या खणात तसेच होते. ताईने ते काढून माझ्या हातात दिले आणि म्हणाली, “अगं, फेकवत नाही आणि वापरवतही नाही.” मी काही सुचवले नाही. अशा वेळी नुसते शेजारी बसून राहण्यासाठी एवढा लांबचा प्रवास करावा लागला, तरी तो करावा असे मला मनापासून वाटते.

दोन घरांच्या मध्ये एक रात्र हॉस्टेलमध्ये काढावी, हा माझा आग्रह आहे. कितीही आपली माणसे असली तरी पाहुणेपणाचा शीण येतोच, आणि मागचे बोलणे मनात मुरल्याखेरीज पुढच्या माणसाकडे पुरते लक्ष देता येत नाही. म्हणून वाटेत ऱ्हाईनकाठच्या बाखाराख या गावी उतरले. तिथला श्टालेक किल्ला १६८९मध्ये फ्रेंच सैन्याने उद्ध्वस्त केला होता, विसाव्या शतकात तो पुन्हा उभारला गेला आणि आता तिथे युवा वसतिगृह चालते. खाली नदीतून मालवाहू तराफे रात्रीही जात होते.

फ्रायबुर्गची मैत्रीण फाउबान या भागात राहते. पूर्वीच्या लष्करी बराकींच्या जागी वसलेल्या या वस्तीतल्या बहुतेक गल्ल्यांत मोटारी उभ्या करता येत नाहीत. पहिला तास जड गेला. जुन्या आठवणी लवकर संपल्या, आणि आताच्या आयुष्याबद्दल नेमके काय विचारावे ते दोघींनाही कळेना. मग आम्ही १९३०पासून चालू असलेल्या तारमार्गाने १,२८४ मीटर उंचीच्या शाउइन्सलांड डोंगरावर गेलो आणि पायी उतरलो. समोरासमोर बसून जे जमले नव्हते, ते बरोबर चालताना जमले. तिने नोकरी सोडण्याचा विचार सांगितला, मी माझ्या मनातली घालमेल सांगितली, आणि पायथ्याला आलो तेव्हा पाय दुखत असूनही बस मुद्दाम चुकवली.

बासेलचे घरमालक आजोबा आता काठी घेऊन चालतात, म्हणून पुलाऐवजी आम्ही नावेने नदी ओलांडली. इथल्या चार फेरींना इंजिन नाही. पात्रावर आडव्या ताणलेल्या तारेला नाव दोराने बांधलेली असते, नावाडी तिला प्रवाहाशी तिरकी करतो आणि पाण्याचा रेटाच तिला पैलतीरी नेतो. आजोबांनी हे सारे मला शिकत असतानाही समजावले होते, तरी पुन्हा त्याच उत्साहाने समजावले आणि मीही तितक्याच उत्सुकतेने ऐकले. तेव्हाच्या त्यांच्या भरभर चालीपुढे मला धाप लागत असे. आता त्यांच्या गतीने चालताना नदीकाठच्या घरांच्या दारांवर कोरलेली साले वाचायला सवड मिळाली.

दुसऱ्या दिवशी ल्युत्सर्नला जायचे होते, तो बेत रद्द केला. जेवणाच्या टेबलावर आजींनी जुन्या छायाचित्रांचे खोके उघडले होते आणि त्यांच्या थरथरत्या हाताला बारीक अक्षर जमत नव्हते. त्या नाव आणि वर्ष सांगत, आजोबा मधूनच वर्ष दुरुस्त करत आणि मी छायाचित्रामागे पेन्सिलीने लिहून घेत असे. संध्याकाळपर्यंत जेमतेम अर्धे खोके झाले. उरलेले अर्धे माझ्यासाठी तसेच ठेवायचे त्या दोघांनी ठरवले आहे, आणि पुढच्या उन्हाळ्यातला माझा प्रवास बासेलपासूनच सुरू होईल, हे मी ताईला त्याच रात्री कळवले.