ऑलिव्हिएच्या नावाचं थिएटर आणि ब्रायटनची गाडी

भाची क्रॉयडनला राहते. तिला रजा मिळेना, म्हणून मी दोन दिवस एकटाच मोकळा. "मामा, लंडन आयमध्ये बसून ये," म्हणाली. राज्य नाट्य स्पर्धेत बावीस वर्षं कधी पार्श्वसंगीत, कधी भालदार-चोपदार करत काढलेल्या माणसाने लंडनला येऊन पाळण्यात काय बसायचं? मी वॉटर्लूला उतरलो, चुकीच्या दाराने बाहेर पडलो आणि बऱ्याच पायपिटीनंतर नदीकाठच्या नॅशनल थिएटरपाशी पोचलो.

वास्तुविशारद डेनिस लास्डनची ही इमारत लांबून पार्किंगसारखी दिसते. जवळ जाऊन भिंतीवरून हात फिरवा. काँक्रीट ओतताना लावलेल्या फळ्यांच्या रेषा, गाठीसुद्धा, जशाच्या तशा उमटल्या आहेत. सेंटरिंग काढलं आणि गिलावा करायचाच राहिला, असं वाटावं. बाहेर हॅम्लेटच्या वेषातला लॉरेन्स ऑलिव्हिए या नामवंत इंग्लिश नटाचा पुतळा आहे. त्याचा 'हॅम्लेट' 1948 चा. दिग्दर्शन त्याचं, मुख्य भूमिका त्याची, आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर पहिल्यांदाच अमेरिकेबाहेर गेलं ते याच सिनेमामुळे. मी गेलो तेव्हा राजपुत्राच्या डोक्यावर सीगल बसला होता.

आतलं सगळ्यात मोठं प्रेक्षागृह म्हणजे ऑलिव्हिए थिएटर. अकराशेच्या वर खुर्च्या, पंख्यासारख्या पसरलेल्या. मला पार मागची रांग मिळाली, तरी नटाचा चेहरा दिसत होता. नाटक यथातथाच होतं. माझं लक्ष दुसरीकडेच होतं: ज्याचं नाव या थिएटरला दिलं, त्याने इथे एकही नाटक केलेलं नाही. 25 ऑक्टोबर 1976 ला राणीच्या हस्ते उद्घाटन झालं तेव्हा तो या रंगमंचावर आला, स्वागताचं भाषण केलं आणि गेला. एवढंच.

मग त्याचं नॅशनल थिएटर होतं कुठे? स्टेशनच्या पलीकडे, चालत पाच-सात मिनिटांवर, ओल्ड व्हिक या जुन्या नाट्यगृहात. 1818 ची वास्तू. इथेच 1937 मध्ये त्याने एकही ओळ न कापता अख्खा हॅम्लेट केला होता. पुढे 1963 मध्ये नॅशनल थिएटरची कंपनी निघाली, तीही या भाड्याच्या घरात, पहिला संचालक ऑलिव्हिए. 22 ऑक्टोबरला पहिला प्रयोग, पुन्हा हॅम्लेटच. या खेपेला भूमिका पीटर ओटूलकडे आणि दिग्दर्शन ऑलिव्हिएचं. कचेरी आणि तालमी जवळच्या अक्वायनस स्ट्रीटवर, तात्पुरत्या शेड्समध्ये. 'तात्पुरत्या' म्हणजे तेरा वर्षं! आपल्या सरकारी कामांची आठवण झाली. मी ती गल्ली शोधून काढली, या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा चाललो. शेडची खूणही सापडली नाही. एक बाई कचऱ्याचा डबा बाहेर ठेवत होत्या, त्यांनी संशयाने पाहिलं, तसा मी निघालो.

ओल्ड व्हिकमधला 1964 चा त्याचा ऑथेल्लो प्रचंड गाजला. मेहनत करून आवाज जवळजवळ सप्तकभर खाली उतरवला होता म्हणतात. सिनेमाच्या रूपात तो आजही बघता येतो, पण गोऱ्या नटाचं ते नखशिखांत काळं रंगलेलं अंग मला तरी बघवत नाही. त्यापेक्षा पडद्यामागची गोष्ट जास्त आत शिरते. त्याच सुमारास या माणसाला रंगमंचाचं भय बसलं. वयाची साठी जवळ आलेली, नावामागे 'सर' लागून दीड तप उलटलेलं, आणि स्टेजवर एकटं राहायची भीती! म्हणून इयागो झालेल्या फ्रँक फिनलेला तो सांगायचा, तू विंगेत मला दिसशील असा उभा राहा. भालदार म्हणून मी विंगेत तासन्‌तास उभा राहिलोय, पण कुणाला धीर यावा म्हणून नाही.

1973 मध्ये संचालकपद पीटर हॉलकडे गेलं. 21 मार्च 1974 ला ओल्ड व्हिकमध्येच ऑलिव्हिए नाटकात शेवटचा उभा राहिला. मग आजारपण, आणि पुढे सिनेमा नि टीव्ही.

दुसऱ्या दिवशी व्हिक्टोरियाहून ब्रायटन. इथे रॉयल क्रेसेंटमध्ये, समुद्रासमोर, तो बायको जोन प्लोराइटबरोबर राहायचा. घरांचा दर्शनी भाग काळ्या विटांचा वाटतो, पण विटा नव्हेतच. लाकडी सांगाड्यावर ठोकलेल्या चकचकीत काळ्या कौलांच्या चिपा, लांबून विटा भासाव्यात अशा. नटाला शोभेलसं घर. किनाऱ्याने पश्चिमेला चालत गेलं की जळलेल्या वेस्ट पियर या धक्क्याचा लोखंडी सापळा पाण्यात उभा दिसतो. मला तिथे आर्ची राइस आठवला, 1957 च्या 'द एंटरटेनर' नाटकातला समुद्रकाठचा फुटकळ विनोदवीर. ऑलिव्हिएचं सगळ्यात खरं काम तेच, असं माझं मत. मित्र 'रिचर्ड द थर्ड' म्हणतात, म्हणोत.

लंडनला प्रयोग करून तो 'ब्रायटन बेल' या गाडीने घरी यायचा. त्या गाडीत नाश्त्याला किपर मिळायचा, म्हणजे धुरावलेला हेरिंग मासा. आपला सुका बांगडा डोळ्यांसमोर आणा, पण जरा नाजूक. रेल्वेने मेन्यूतून किपर काढला तेव्हा ऑलिव्हिएने पेपरात गाजेल इतकी तक्रार केली. 30 एप्रिल 1972 ला गाडीच बंद झाली.

इतकं वाचून आल्यावर किपर न खाता कसं परतायचं? किनाऱ्यावरच्या एका छोट्या हॉटेलात शिरलो, मेन्यूत बोट ठेवलं. वाढणाऱ्या मुलीने घड्याळाकडे पाहिलं. दुपारचा एक वाजला होता.

"किपर फक्त नाश्त्याला, साडेदहापर्यंत," ती म्हणाली आणि फिश अँड चिप्स लिहूनही घेतलं.