माणिक चौकातली सायंकाळ

आज भाच्याचा परीक्षेचा फॉर्म भरायला नंदुरबारला गेलो होतो. काम लवकर आटोपलं, म्हणून त्याला माणिक चौकात शिरीषकुमारच्या स्मारकाशी नेलं. ९ सप्टेंबर १९४२, 'चले जाव'चे दिवस. हातात झेंडा घेतलेली शाळकरी पोरं, समोर बंदुका. पाच पोरं गेली. भाचा एकेक नाव बोट फिरवत वाचत होता. मग म्हणाला, "मामा, तो बांगलादेशातला हात पसरून उभा राहिलेला, तसंच ना?"

अबू सईद. सरकारी नोकऱ्यांतल्या कोट्याविरुद्धच्या आंदोलनातला विद्यार्थी, पोलिसांच्या गोळ्यांनी गेला. रंगपूर, १६ जुलै २०२४. हो रे, तसंच.

तेव्हा ढाक्यात इंटरनेट बंद होतं. परदेशी राजदूतांना बोलावून सरकारने जळालेल्या इमारतींचा व्हिडिओ दाखवला. तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना मोडलेलं मेट्रो स्टेशन पाहून रडल्या. काचा फुटल्या हे खरंच होतं, पण मेलेली पोरं त्या व्हिडिओत कुठे होती? पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात १,४०० पर्यंत माणसं मारली गेली असावीत असं आलं. मला हा आकडा वाचवत नाही. इंग्रजांनीही १९४३ मध्ये पुस्तिका छापून बेचाळीसच्या दंगलींचा सगळा दोष काँग्रेसवर टाकलाच होता. नुकसानीचा हिशोब सरकारं चोख ठेवतात, गोळीचा विषय निघाला की 'बाहेरच्यांनी बोलू नये'. आईबापांनीही बोलू नये का मग?

परतीच्या एसटीत भाचा दोंडाईचापर्यंत गप्पच होता. नंतर हळूच विचारलं त्याने, "मामा, शिरीषकुमार माझ्याच वयाचा होता का?"