जुनी मारुती 800, तीन हवामानं: पुणे–महाबळेश्वर–दापोली आणि सेल्फचा शोध

कार्ब्युरेटरवाली (हवा आणि पेट्रोल मिसळणारा जुन्या पद्धतीचा भाग असलेली) मारुती 800 घेऊन पुण्याहून वाई, पाचगणी, महाबळेश्वर, मग आंबेनळी घाट उतरून पोलादपूर, खेड आणि दापोली असा दौरा जानेवारीत करून आलो. सोबत मामा होते. त्यांची नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये झाली. जुनी गाडी घेऊन कोणी याच वाटेने जाणार असेल तर हा मार्ग फार उपयोगाचा आहे, कारण तापलेलं इंजिन, कडाक्याची थंडी आणि समुद्राची दमट हवा अशा तिन्ही परीक्षा इथे एकामागून एक होतात. सुरू न होण्याचं दुखणं नेमकं कुठे आहे ते त्यातून उघडं पडतं.

आमच्या गाडीचं दुखणं असं: सकाळी लगेच सुरू व्हायची, पण लांब चालवून बंद केली की सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) घ्यायची नाही. किल्ली फिरवली की एकदाच ‘कट्’ आवाज, पुढे काही नाही. अर्ध्या तासाने पुन्हा ठीक. निघण्याआधी एका गॅरेजमध्ये बॅटरी बदलून झाली होती. महिनाभरात पुन्हा तेच. तिथून सेल्फ मोटर बदलायचा सल्ला मिळाला, तेव्हा मामा म्हणाले, “आता काही बदलू नकोस. बिघडू दे रस्त्यात. बिघडलेली असतानाच मोजायचं.”

पुणे ते सुरूर फाटा हा हायवेचा भाग, त्याबद्दल सांगण्यासारखं विशेष नाही. फाट्यावरून वाईला वळलं की पुढे पसरणीचा घाट. वाईपासून पाचगणी जेमतेम 12-13 किलोमीटर, पण चढ सलग आहे आणि 796 सीसीचं इंजिन बहुतेक वेळ दुसऱ्या गिअरमध्येच राहतं. चढ संपल्यावर चहाला थांबलो आणि मुद्दाम गाडी बंद केली. दहा मिनिटांनी किल्ली फिरवली. कट्.

“हेडलाइट लाव आणि मग सेल्फ मार,” मामा बॉनेटजवळून म्हणाले.

“मामा, लाइट जराही मंद होत नाही.”

“मग बॅटरीचं नाव काढू नकोस. व्होल्ट मोजायचा मीटर दे.”

ही पहिली खूण लक्षात ठेवा, तिला मीटरही लागत नाही. सेल्फ मारताना हेडलाइट विझायला आली तर बॅटरी दमलेली आहे किंवा तिचे टर्मिनल खराब आहेत. लाइट तसाच लख्ख राहिला आणि नुसताच कट् आवाज आला, तर बॅटरीत जोर आहे, तो सेल्फपर्यंत पोचत नाही किंवा सेल्फमध्येच बिघाड आहे.

मग मीटर लावला. नुसत्या उभ्या गाडीत बॅटरी 12.6 व्होल्ट, म्हणजे भरलेली. (12.2 दाखवली तर अर्धीच आहे असं समजा.) मी किल्ली धरून ठेवली आणि मामांनी एक टोक बॅटरीच्या मायनस बोंडावर, दुसरं बॉडीच्या कोऱ्या पत्र्यावर टेकवलं: जवळजवळ शून्य. मग दुसरं टोक इंजिनच्या बोल्टवर. काटा पाच व्होल्टच्या पुढे गेला. इथे 0.2, फार तर 0.3 यायला हवा. म्हणजे बॅटरी ते बॉडी ठीक, पण बॉडी आणि इंजिन यांना जोडणारी अर्थची पट्टी मधल्या मध्ये व्होल्ट खाऊन टाकत होती. तेवढ्यात माझा हात चोकच्या (थंड इंजिनला जास्त पेट्रोल मिळावं म्हणून ओढायच्या) नॉबला लागला. नॉब कोमट होता. करंट परतीची वाट शोधत चोकच्या वायरमधून जात होता. तुमच्याही गाडीत सेल्फ मारल्यावर चोकची किंवा ॲक्सिलरेटरची केबल गरम लागली, तर दुसरं काहीही तपासायच्या आधी अर्थिंग बघा.

खात्री करायला जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं थेट इंजिनच्या बोल्टला लावलं. पहिल्याच किल्लीला इंजिन धडधडलं. तो आवाज ऐकून झालेला आनंद मला लपवता येणार नाही.

गरम असतानाच का, हा प्रश्न मलाही छळत होता. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण 0.4 टक्के वाढतो. घाट चढून आलेल्या इंजिनजवळ तापमान 50 अंशांनी वाढलं तर रोध 20 टक्क्यांनी चढतो. सेल्फच्या आतल्या गुंडाळीचंही तेच होतं. जोड घट्ट आणि स्वच्छ असेल तर एवढ्याने काही बिघडत नाही. गंजून आधीच अर्धमेला झालेला जोड मात्र तेवढ्यानेच हात टेकतो. पट्टी सोडवून पाहिली तेव्हा बोल्टखाली गंजाचा थर होता आणि वेणीतल्या बऱ्याच तारा तुटलेल्या होत्या. एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नवी पट्टी मिळाली. दोन्ही बाजूंचा पत्रा पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासला, दात्यांचा वॉशर घातला, वरून व्हॅसलीन लावलं. मीटरवर आता 0.1. सेल्फ मोटरचे पैसे वाचले आणि काढून ठेवलेली जुनी बॅटरीही निर्दोष होती, हे सांगताना मला त्या गॅरेजचा राग येतो. पाच मिनिटांची ही तपासणी कोणीच केली नव्हती.

महाबळेश्वर सुमारे साडेतेराशे मीटर उंचीवर आहे आणि जानेवारीच्या पहाटे वेण्णा तलावाच्या बाजूला दव गोठतं. गाडी उघड्यावर होती. थंडीत तेल जाड होतं, बॅटरीचा जोरही कमी होतो, त्यामुळे सेल्फ थोडा जड फिरणं स्वाभाविक आहे. पद्धत अशी: क्लच दाबा, चोक पूर्ण ओढा, ॲक्सिलरेटरला पाय लावू नका. सेल्फ पाच-सहा सेकंदच मारा आणि नाही लागली तर पंधरा-वीस सेकंद थांबा. सलग सेल्फ मारत राहिलं की मोटर तापते आणि बॅटरी उतरते. गाडी लागली की चोक हळूहळू आत ढकला. इथे हवा विरळ आहे, म्हणून मिश्रणात पेट्रोल आपोआपच जास्त पडतं. पुण्यात चालतो तेवढा वेळ चोक ओढून ठेवला तर इंजिनात जादा पेट्रोल भरतं आणि ते लागत नाही. पेट्रोलचा उग्र वास आला तर चोक आत घाला, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि मग सेल्फ मारा.

गाडी बरेच दिवस उभी होती आणि सुरू व्हायला वेळ घेते आहे, एवढ्यावरून घाबरू नका. कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उडून गेलेलं असतं आणि या गाडीचा पंप इंजिन फिरलं तरच ओढतो.

आंबेनळी घाट महाबळेश्वर ते पोलादपूर सुमारे 40 किलोमीटर. पेट्रोल वरच भरून घ्या. प्रतापगडचा फाटा लागतो त्या वाडा-कुंभरोशीला चहा-नाश्ता मिळतो. उतार दुसऱ्या गिअरमध्येच उतरा. गाडी बंद पडली तर घाटाच्या उतारावर धक्का स्टार्टचा मोह टाळा: ब्रेक बूस्टर (पायाच्या दाबाला इंजिनच्या मदतीने जोर देणारा भाग) असलेल्या गाडीत इंजिन बंद असताना दोन-तीनदा ब्रेक दाबला की पॅडल दगडासारखं होतं. पावसाळ्यात हा घाट दरडींमुळे बंद होतो, तेव्हा जुनी गाडी घेऊन इकडे फिरकूच नका.

दापोलीत दुसरंच निघालं. हर्णैच्या बाजूला समुद्राजवळ मुक्काम होता, सकाळी काचांवर दवाचे ओघळ. सेल्फ जोरात फिरतोय, पेट्रोलचा वास येतोय, पण इंजिन पकडत नाही. सेल्फ फिरतो म्हणजे बॅटरी-अर्थिंगचा विषय संपला, वास येतो म्हणजे पेट्रोलही पोचतंय. उरला प्लगचा करंट. डेल्कोचं (प्रत्येक प्लगला पाळीपाळीने करंट वाटणाऱ्या भागाचं) झाकण कोरड्या फडक्याने आतून-बाहेरून पुसलं, प्लगच्या वायरी पुसल्या, आणि गाडी लागली. पण हे पुसणं तात्पुरतं होतं. रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवलं, मामांनी वायरींवर पाण्याचा बारीक फवारा मारला. दोन नंबरच्या वायरीवरून निळसर ठिणगीचा धागा सरपटत सिलिंडर हेडकडे जाताना स्वच्छ दिसला. वायर आतून तडकलेली होती. हे बघताना हात लांब ठेवा, तिथे हजारो व्होल्ट असतात, आणि पेट्रोल कुठून गळत असेल तर हा प्रयोग करूच नका. दापोलीतल्या स्पेअर पार्टच्या दुकानात वायरींचा सेट मिळाला. वायरी एकेक करूनच बदला. सगळ्या एकदम काढल्या तर या तीन सिलिंडरच्या इंजिनचा फायरिंगचा (प्लगमध्ये ठिणगी पडण्याचा) क्रम 1-3-2 आहे हे लक्षात ठेवून लावा.

उन्हाळ्यात जाणार असाल तर आणखी एक गोष्ट. चढ चढून थांबल्यावर सेल्फ छान फिरतो पण गाडी लागत नाही, आणि पंधरा-वीस मिनिटांनी लागते, तर पाइपात पेट्रोलची वाफ अडकलेली असते. बॉनेट उघडा, पेट्रोल पंपावर आणि पाइपवर ओलं फडकं ठेवा, थांबा. तापलेल्या एक्झॉस्टवर पाणी ओतू नका, बीड तडकतं.

हल्ली पंपावर 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि या गाड्यांचे रबरी पाइप त्यासाठी बनलेले नाहीत. निघण्याआधी टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचे पाइप बोटांनी दाबून बघा. फुगलेले, चिकट किंवा भेगाळलेले असतील तर इथेनॉल चालणारे नवे घाला आणि फिल्टरही बदला. गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवायची असेल तर टाकीत ते पेट्रोल साठवू नका, ते ओल धरतं.

डिकीत मीटर, जंपर केबल, दहा नंबरचा पाना, पॉलिश पेपर, कोरडं फडकं, एक प्लग आणि पेट्रोलचा हातभर पाइप क्लिपांसकट असू द्या. 15 वर्षं उलटलेल्या गाडीचं नोंदणीचं नूतनीकरण, ग्रीन टॅक्सची पावती आणि पीयूसी निघण्याआधीच बघून घ्या.